दत्तकपत्र आणि काराची परवानगी: परदेशातल्या काकासाठी दोन वेगळे कागद

"दत्तकपत्र रजिस्टर झालंय, आता पोराचा व्हिसा तेवढा राहिलाय." कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या नात्यातल्या घरातून हे ऐकलं आणि पोटात गोळाच आला. धाकटा भाऊ अमेरिकेत, मूलबाळ नाही. थोरल्याने आपला दुसरा मुलगा त्याच्या ओटीत घातला. दत्तहोम झाला, भावकी जेवली, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली. सगळं मनापासून केलेलं. तरी पोरगं दीड वर्ष इथेच राहिलं, कारण त्याला परदेशी नेणारा कागद कुणी मागितलाच नव्हता.

दत्तकपत्र येतं 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातून. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना तो लागू आहे. त्यात मुख्य गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष देणं-घेणं. होम झालाच पाहिजे असंही कायदा म्हणत नाही. पत्र नोंदवलेलं असेल तर दत्तक रीतसर झालं असं न्यायालय गृहीत धरतं. वारसा, आडनाव, सातबारा यांसाठी हा कागद भक्कम आहे.

पण तो एक गोष्ट तपासत नाही: मूल ज्या घरात जाणार ते घर कसं आहे. दुय्यम निबंधक सह्या, साक्षीदार आणि मुद्रांक बघतात, न्यू जर्सीतलं घर बघायला कुणी जात नाही.

ते बघायचं काम दुसऱ्या वाटेवर होतं. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, आणि 2015 चा बाल न्याय कायदा. आंतरदेशीय दत्तकाबाबतचा 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये स्वीकारला. तेव्हापासून मूल देणारा आणि घेणारा असे दोन्ही देश एकमेकांना लेखी हमी देतात. काका-काकूंनी सुरुवात तिथूनच करायची, त्यांच्या देशातल्या काराच्या मान्यताप्राप्त संस्थेकडे किंवा तिथल्या सरकारी यंत्रणेकडे. तिथली समाजसेविका घरी येते. मिळकत, आजारपणं, लग्न, मूल हवं असण्यामागचं कारण, सगळं विचारते आणि गृहअभ्यास अहवाल लिहिते. अमेरिकेत बोटांचे ठसे घेतात, तेही घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचे. तिथेच राहणारी काकाची आईही त्यात आली. वयाच्या 18 व्या वर्षानंतर माणूस जिथे जिथे राहिला, तिथली नोंद मागतात.

म्हणून कॉलेज सांगलीत आणि पहिली नोकरी पुण्यात झालेल्याला भारतातलं पोलीस प्रमाणपत्रही लागू शकतं. इथे आणखी एक गफलत होते. नोकरीसाठी जिल्हा पोलिसांकडून काढतो ते चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं आणि पासपोर्ट खात्याची पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) वेगळी. भारतीय पासपोर्ट असेल तर पीसीसी परदेशातल्या आपल्या वकिलातीमार्फतही मिळते. नेमकं कोणतं हवं ते संस्थेकडून लेखी घ्या, नाहीतर गावाकडचा भाऊ उगाच पोलीस ठाण्यात खेटे घालत बसतो.

इकडची बाजू जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. साताऱ्यातही आहे, सांगलीतही. ते जन्मदात्यांच्या घरी येऊन पार्श्वभूमी अहवाल करतात. आईची संमती खरोखर तिची आहे का, हे विचारलं जातं आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आमच्याकडे अशा गोष्टी ओसरीवर बसून थोरली माणसं ठरवतात. आत चुलीपाशी बसलेल्या तिला कुणी विचारत नाही. पुढे दत्तक आदेश जिल्हाधिकारी देतात (सप्टेंबर 2022 पूर्वी तो न्यायालय देई) आणि काराची ना-हरकत व हेगचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला) मिळतं.

साताऱ्याच्या माणसाने दत्तक नामंजूर हे शब्द लहानपणापासून ऐकलेले असतात. 1848 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी (अप्पासाहेब) यांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि राज्य खालसा केलं. तो धडधडीत अन्याय होता. काराची अट मात्र मला अन्याय वाटत नाही. सातासमुद्रापार गेलेल्या पोराला मारलं, राबवलं, तर ओरडून सांगायला तिथे आजी नसते.

नातेवाईक या शब्दाकडेही नीट बघा. बाल न्याय कायद्यात तो काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढाच आहे. चुलतभावाचं मूल आपल्याला सख्ख्यासारखं असलं, तरी या वाटेने ते येत नाही. वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग आधी काय करायचं? घेणारे अमेरिकेत राहणारे अमेरिकन नागरिक असतील, तर तिथल्या इमिग्रेशन खात्याकडच्या आय-800ए अर्जापासून सुरुवात. त्यांच्या वकिलातीचं हेग करारातल्या कलम 5 चं पत्र (मुलाला तिथे प्रवेश मिळू शकेल असं कळवणारं) येईपर्यंत दत्तकविधान करायचं नाही, ताबाही घ्यायचा नाही. आमच्या घरात नेमकं उलटं झालं. मुहूर्त चांगला होता म्हणून होम आधी उरकला. तुमच्याकडे अजून फक्त बोलणी चालली असतील, तर भटजींना तारीख विचारण्याआधी बाल संरक्षण कक्षात जाऊन या. जाताना मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांची आधार कार्डं आणि लग्नाचा दाखला न्या, आणि तिन्हींवर आईचं नाव एकसारखं आहे ना, ते घरीच बघून घ्या.