कुत्र्याच्या नेलकटरवरच्या सेफ्टी गार्डचा वाद आणि त्याआधीचं थोडंसं

ठाण्यात वाडे आणि बैठ्या चाळी होत्या तोवर कुत्र्याची नखं हा घरातला विषयच नव्हता. अंगण, खडी, डांबर यांवर ती आपोआप झिजत. अपवाद अंगठ्याच्या नखाचा. ते जमिनीला टेकतच नाही, म्हणून वळून मांसात रुतायचं. पुढे घोडबंदर रस्त्यावर टॉवर उभे राहिले, खाडीपलीकडे वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंत सोसायट्या झाल्या आणि कुत्रा गुळगुळीत टाइल्सवर आला. नखं टकटक वाजू लागली.

तरी कापायचं काम कुत्र्यांच्या पार्लरवाल्याचं किंवा डॉक्टरांचं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, पार्लर बंद झाली आणि हत्यारं ऑनलाइन घरी येऊ लागली. एक गिलोटिन पद्धतीचं: भोकात नख घालायचं, पातं सरकून कापतं. लहान कुत्र्याला ठीक. लॅब्रडोरचं जाड नख त्यात कापण्याऐवजी चेचलं जातं, पातं बोथट असेल तर हमखास. दुसरं पक्कडीसारखं, दोन पात्यांचं. मोठ्या कुत्र्यांच्या घरांत तेच टिकलं.

वाद पेटला तो या पक्कडीच्या पात्यामागच्या सेफ्टी गार्डवरून. ही पट्टी नखाला ठरावीक अंतरावर अडवते, म्हणून जास्त कापलं जाणार नाही, अशी जाहिरात. पण नखाच्या आतला जिवंत गाभा, ज्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, तो टोकापासून ठरावीक अंतरावर थोडाच असतो? नख वाढू दिलं की गाभाही पुढे येतो. म्हणजे ज्याची नखं कित्येक महिने कापलेली नाहीत, त्याच्याच बाबतीत पट्टी सर्वांत फसवी. पांढऱ्या नखात गुलाबी गाभा दिसतो, तिथे पट्टी लागत नाही; काळ्या नखात तो दिसत नाही, तिथे तिचा भरवसा नाही. आणि आपल्या देशी कुत्र्यांत काळी नखं सर्रास. पट्टीवाले म्हणतात, नवख्याला काहीतरी आधार हवा. मान्य, पण तो बारीक कापण्यात आहे. थोडं थोडं छाटत जायचं, कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. पट्टी स्क्रूवर फिरते, ती बाजूला वळवून ठेवलेलीच बरी. नंतर दिवा बसवलेली कटरं आली. काळ्या नखात त्यांचाही उजेड शिरत नाही.

तिसरं हत्यार ग्राइंडर, नख कापण्याऐवजी घासून कमी करणारं. तो मूळचा लाकूड-धातू घासणाऱ्या कारागिरांच्या रोटरी यंत्राच्या कुळातला. एकदम गाभ्यापर्यंत जात नाही, कडा गोल करतो. काळ्या नखांना तोच बरा. एका जागी टेकवून धरला तर नख तापतं, लांब केस त्यात गुंततात, आणि आवाजाची सवय आधी करावी लागते. मांजराला यातलं काहीच लागत नाही, छोटी कात्री किंवा आपलं नेलकटर पुरतं.

रक्त थांबवायची खास पावडर हल्ली कटरसोबत मागवता येते. ती नसेल तिथे दाढीच्या सामानातली तुरटी कुटून वापरतात.