प्रत्यारोपणानंतर बिघडलेलं मन: गोळ्यांमुळे की नैराश्यामुळे?

किडनी बसवून माणूस मुंबईहून किंवा कोल्हापूरहून गावी येतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, उत्तम असतं, तरी महिन्याभरात घरातले हळू आवाजात सांगायला लागतात, "पयल्यासारखो नाय रवलो तो." झोप नाही, जेवणावरून भांडणं, नाहीतर उलट दिवस दिवस तोंड मिटून बसणं. यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि वरवर पाहता ती सारखीच दिसतात.

पहिलं कारण औषधं. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. त्यानं झोप उडते, भूक खवळते, माणूस क्षणात चिडतो आणि क्षणात रडतो. डोस जितका मोठा तितका हा त्रास जास्त. १९७२ साली बोस्टनमध्ये झालेल्या अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाला, तर ८० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत हे प्रमाण १८.४ टक्के होतं. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे जड जातात. पुढे कधी रिजेक्शनसाठी, म्हणजे शरीर किडनी नाकारू लागलं म्हणून, स्टेरॉइडची सलाईन लावली, तर तेव्हाही तेच होतं. किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनच टॅक्रोलिमस हे दुसरं औषधही देतात; त्याची रक्तातली पातळी वाढली की हात थरथरतात आणि झोप जाते. आपल्याकडे कोकणात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या फळाफुलांच्या मांडवीला, बांधलेलं पपनस नंतर घरात वाटून खातात. प्रत्यारोपण झालेल्यानं ते खाऊ नये, कारण त्यानं ही पातळी वाढू शकते.

या त्रासाची ओळख म्हणजे तो डोसच्या मागेपुढे चालतो. गोळी वाढली की वाढतो, कमी झाली की ओसरतो. म्हणून कोणत्या तारखेला कोणता डोस बदलला आणि मन कधीपासून बिघडलं, हे घरच्यांनी वहीत लिहून ठेवावं. टॅक्रोलिमसची पातळी सकाळची गोळी घेण्याआधीच्या रक्तावर तपासतात, तीही याच वहीत नोंदवावी. मात्र चिडचिड होते म्हणून स्टेरॉइड परस्पर बंद करू नये. ते अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

नैराश्य डोसच्या वेळापत्रकानं चालत नाही. दोन आठवडे उलटले तरी जवळजवळ रोज, दिवसभर उदासी असते, कशातच रस उरत नाही आणि स्वतःबद्दलची भाषा बदलते. इथे प्रत्यारोपणाचं एक खास ओझं असतं. आपल्याकडे जिवंत दाते बहुतेक घरातलेच असतात आणि त्यात आई, बायको, बहीण अशा बायकाच जास्त. "आईनं किडनी दिली आणि मी असा पडून आहे" हा विचार आतून पोखरतो. सगळे म्हणतात, तुझा पुनर्जन्म झाला, आनंदात राहा. मग दुःख बोलून दाखवणं त्याला कृतघ्नपणा वाटतो. माझ्या मते हे गप्प बसणंच सगळ्यात घातक आहे. चिडणारा माणूस निदान दिसतो तरी.

आणखी एक गोंधळ सणात होतो. संसर्गाच्या भीतीनं डॉक्टर गर्दी टाळायला सांगतात. घरी भजन आलं की हा आतल्या खोलीत, शिमग्याची पालखी दारात आली तरी आतच. घरच्यांना वाटतं, पथ्य पाळतोय. पण पथ्य पाळणारा खिडकीतून का होईना डोकावतो, फोनवर मुंबईच्या चाकरमान्यांशी बोलतो. नैराश्यातल्या माणसाला खिडकीही नको असते. रक्त कमी असणं, थायरॉइड, संसर्ग यांमुळेही माणूस असाच मलूल दिसतो. तेव्हा तपासण्या टाळू नयेत.

गोळ्या चुकणं हेही दोन प्रकारचं असतं. शेतावर गेला, वेळ विसरला, हे वेगळं. "आता गोळ्या घेऊन काय करायचंय" म्हणत सोडणं वेगळं. दुसऱ्यात किडनी तर जातेच, पण अनेकदा तो जगणं नको झाल्याचा इशारा असतो.

असा इशारा दिसला की कारण शोधत बसू नये. स्टेरॉइडनंही आत्महत्येचे विचार येऊ शकतात, नैराश्यानंही येतात आणि धोका दोन्हींत खराच असतो. सरळ विचारावं, "जीव द्यावा असं मनात येतं काय?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नये, औषधं घरच्यांनी आपल्या हातानं द्यावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या फाटकात कुणी पाहील म्हणून पाय मागे घेणारे खूप आहेत, आणि त्या लाजेपायी उपचाराला उशीर होतो याचं मला फार वाईट वाटतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना प्रत्यारोपणाच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ फ्लुव्होक्सामिन, टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. म्हणून नवी गोळी सुरू करण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना फोन व्हायलाच हवा. झाडपाल्याच्या औषधांनाही हाच नियम. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोवर घरात कुणीतरी सतत जवळ असावं.