मंत्राने उतरलेलं विष

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण भागात कुणाला साप चावला की अजूनही काही घरांतून आधी मांत्रिकाला बोलावणं जातं. "त्याच्या हातून कितीजण उठले," असं घरचे सांगतात, आणि ते खोटं सांगत नसतात. त्यांना अडाणी म्हणून उडवून लावणं आम्हाला पटत नाही. दिवड किंवा धामण चावून माणूस मरत नाही. नाग, घोणसही कधीकधी विष न सोडताच चावतात. असे रोगी काही न करताही बरे झाले असते, पण श्रेय मंत्राला मिळतं. दगावला तर "आणायला उशीर केला".

हा एकतर्फी हिशेब मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये इंग्लंडमध्ये उघडा पाडला. २, ४, ६ हे आकडे देऊन त्यांनी त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. बहुतेकांनी "दोनाने वाढ" असं मनात धरलं आणि ८, १०, १२ असेच आकडे तपासून पाहिले. दर वेळी "बसतात" हेच उत्तर. खरा नियम होता नुसता चढता क्रम. १, २, ३ विचारलं असतं तर अंदाज चुकल्याचं तिथेच कळलं असतं.

१९९४ मध्ये जॉन्सन आणि सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गोदामाच्या आगीची हकीकत वाचायला दिली. आधी लिहिलं होतं की कपाटात रंगाचे डबे आणि गॅस सिलिंडर होते. पुढे दुरुस्ती आली की कपाट रिकामं होतं. दुरुस्ती लक्षात असूनही आगीबद्दल विचारलं की लोक रंग आणि गॅसकडेच बोट दाखवत. कुणीतरी आग लावल्याचे धागे दिले, तेव्हा कुठे ही पकड सैल झाली. समज काढला तर त्याच्या जागी दुसरं कारण ठेवावं लागतं.

दुरुस्तीने समज उलट घट्ट होतो, असं २०१० मध्ये अमेरिकेत मांडलं गेलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्यांत तसं क्वचितच आढळलं. तेव्हा सांगणं सोडू नये.

"मंत्र खोटा" म्हणून भागत नाही. विष मुळात भिनलंच नव्हतं, हे दाखवावं लागतं. घोणस, फुरशाचा संशय असेल तर नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी एकदा तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. नळी साबणाने धुतलेली असेल तर निरोगी रक्तही न गोठता राहू शकतं. मण्यारीचं विष या चाचणीत सापडत नाही. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. रोगी काही तास बरा असतो, मंत्र लागू पडला असं घर मानतं, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो. सत्तरीतल्या वाळपईहून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, त्या वेळी फार लांब पडतं.