कॅन्टरची पहिली टाप मागून येते

घोड्याच्या दुडकीचे ठोके दोन: टप-टप, टप-टप. कॅन्टर, म्हणजे दुडकी आणि भरधाव यांच्यामधली चाल. तिचे तीन, आणि त्यानंतर क्षणभर शांतता. त्या क्षणी चारही खूर जमिनीवरून सुटलेले असतात. नवख्या घोड्याला जिनाखाली कॅन्टर शिकवताना सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे दुडकीचा वेग वाढवत नेणं, या आशेवर की कधीतरी ती आपोआप कॅन्टरमध्ये जाईल. घोडा मग पुढच्या खांद्यांवर झुकतो, मान ताणतो, धापा टाकत पळतो. कॅन्टर मिळालाच, तर तो तोल जाता जाता मिळतो. घोडा शिकतो तेही असंच.

डाव्या हाताच्या वर्तुळावरचा कॅन्टर बघा. पहिली टाप पडते मागच्या उजव्या, म्हणजे बाहेरच्या पायाची. दुसऱ्या ठोक्याला मागचा डावा आणि पुढचा उजवा पाय एकदम टेकतात. तिसरा ठोका पुढच्या डाव्याचा. हा आघाडीचा पाय, म्हणून ही डावी लीड. प्रत्येक फेकीत, म्हणजे चारही पाय एकदा पडून होण्याच्या फेऱ्यात, एक क्षण असा येतो की घोडा आणि स्वार दोघांचा भार मागच्या एकट्या बाहेरच्या पायावर असतो. माळावर शिंगरू हे खेळता खेळता करतं, कारण त्याला फक्त स्वतःला सावरायचं असतं. पाठीवर माणूस आला की तोच तोल नव्याने शोधावा लागतो.

चाल बदलायला वेगच हवा असं नाही. क्लेअर फार्ली आणि रिचर्ड टेलर यांनी 1991 मध्ये दाखवून दिलं की वजन लादलेले घोडे दुडकी सोडून पुढच्या चालीत कमी वेगातच जातात. पायांवर येणारा जोर ठरावीक मर्यादेपर्यंत पोचला की चाल बदलते. म्हणून स्वाराने शांत, समतोल दुडकी राखावी आणि मागच्या पायाला नेमक्या क्षणी इशारा द्यावा.

वयाची घाई नको. पाठीच्या मणक्यांची वाढ सर्वांत शेवटी पुरी होते, पाच वर्षांच्या आसपास. स्वारासह नियमित कॅन्टर चौथ्या वर्षापासून, तोही थोडा थोडा. स्वार आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपुढे जाऊ नये. दख्खनच्या भीमथडी जातीसारखा आटोपशीर चणीचा घोडा 300 किलोंचा असेल, तर 60 किलो झाले. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात दुधाचे दात पडून नवे येत असतात. तोंडातली कडी त्या वेळी टोचू शकते, म्हणून आधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत.

सुरुवात स्वाराशिवाय, लंज दोरीवर, म्हणजे आपण मधे उभं राहून घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवत. वर्तुळ किमान 15 मीटर व्यासाचं, जमीन सपाट. खोल रेती नको. आधी मोकळं, मग जीन घालून रिकिबी वर बांधून, शेवटी रिकिबी सोडून. ‘कॅ-न्टर’ हा शब्द दर वेळी त्याच चढत्या सुरात म्हणावा. घोडा नुसत्या आवाजावर डाव्या-उजव्या दोन्ही हातांना कॅन्टर धरू लागला की मगच स्वार चढतो. पाठीवरून टाच मिळेल तेव्हा तोच ओळखीचा शब्द सोबत असतो आणि टाचेचा अर्थ त्याला लागतो.

स्वार चढल्यावर 10 ते 15 मिनिटं पाय मोकळे करावेत. मग 20 बाय 40 मीटरच्या रिंगणात कोपऱ्याकडे जाताना इशारा द्यावा; वळणामुळे आतली लीड घेणं सोपं जातं. बाहेरची टाच तंगाच्या, म्हणजे जिनाच्या पोटपट्ट्याच्या, वीतभर मागे, आतला पाय तंगापाशी, आतला लगाम हलका, बाहेरचा स्थिर. क्षण कोणता? उठबस करत दुडकीत असताना, पुढचा बाहेरचा खांदा मागे येतो तेव्हा आपण बसतो. त्या बसण्याच्या अखेरीस टाच लावावी. पुढची टाप मागच्या बाहेरच्या पायाचीच असते.

घोड्याने पाय टाकला की बैठक किंचित उचलावी आणि एका हाताने मानेवरचा पट्टा किंवा आयाळ धरावी. कॅन्टरमध्ये घोड्याचं डोकं दर फेकीला खाली-वर होतं, आणि ताठर हात त्याच क्षणी तोंडाला हिसका देतो. एका हिसक्याने आठवड्याची मेहनत वाया जाते. पाच ते दहा फेका पुरेत. घोडा स्वतःहून चाल मोडायच्या आत आवाजाने दुडकीवर आणावा. दोन्ही हातांना तीन-चार वेळा, मग त्या दिवशी बस.

चुकीची लीड घेतली तर शिक्षा नको; चार पावलं शांत दुडकी, घोडा सरळ, पुन्हा इशारा. बहुतेकदा आतला लगाम खेचला गेलेला असतो आणि घोडा बाहेरच्या खांद्यावर झुकलेला असतो. पुढे एक लीड आणि मागे दुसरी झाली, तर बैठकीखाली घुसळल्यासारखं वाटतं. त्यामागे अरुंद वळण असतं किंवा कच्ची पाठ. तेच वारंवार होत असेल तर गुडघ्याची वाटी अडकते का, हे पशुवैद्याने बघावं. लाथा झाडणं याला मस्ती म्हणून सोडू नये. दुडकीत पाठ बऱ्यापैकी ताठ राहते. कॅन्टरमध्ये कमरेचा सांधा दर फेकीला वाकतो, त्यामुळे दुडकीत न टोचणारं जीन इथे टोचतं.

रेवाल चालीच्या घोड्याला वेगळा हिशेब लावावा. सारंगखेड्याच्या यात्रेत ही चाल हौसेने दाखवली जाते. त्यात एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास सोबत पडतात. परदेशी जातींमध्ये डीएमआरटी३ या जनुकातला बदल अशा चालीशी जोडलेला आहे, असं 2012 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. तो बदल आई आणि बाप दोघांकडून आलेला असला की भरधाव चालीत जाणं कठीण होतं. रेवाल घोडा कॅन्टर घेत नसेल तर त्याला हट्टी म्हणण्याआधी हे आठवावं. जमिनीवर एक आडवी दांडी ठेवून किंवा हलक्या चढणीवर मागितलं, तर काहींना जमतं.

शिकवणी योग्य चालली आहे का, हे कानाने कळतं. कॅन्टरमध्ये घोड्याचा श्वास पावलांना बांधलेला असतो, एका फेकीला एक. सैलावलेला घोडा टापांच्याच तालावर नाकातून फुर्र करतो. ताठलेला श्वास कोंडून धरतो, आणि तो आवाज तुटक, दबका येतो. तसं ऐकू आलं की फेका मोजत न बसता दुडकीवर यावं.

उतरल्यावर लगाम सैल सोडून 10 मिनिटं चालवावं आणि जबड्याखालची नाडी बघावी. विसाव्यात ती मिनिटाला 28 ते 44 असते. चालून झाल्यावरही ती 60 च्या वरच राहिली, तर दुसऱ्या दिवशीच्या फेका निम्म्या कराव्यात.