बाळाचं नाव जन्मदाखल्यात घालताना: पत्रिकेतलं काय लिहायचं, काय नाही

नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढायचं, अक्षरावरून नाव शोधायचं, ही रीत घराघरांत आहे आणि ती खुशाल पाळावी. फक्त तीच घाई नोंदणीच्या फॉर्मवर करू नका. नावासाठी आलेले अर्ज परत जाताना मी वर्षानुवर्षं पाहतोय, कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात जास्त गोंधळ २१ दिवसांचा. ही मुदत जन्माची नोंद करण्याची आहे, नाव देण्याची नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर जन्म तिथूनच कळवला जातो. नावाचा रकाना कोरा ठेवला तरी दाखला मिळतो. नाव नंतर, नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हे माहीत नसतं, म्हणून लोक 'चे' अक्षर आलं की 'चेतन' लिहून मोकळे होतात. घरात हाक मात्र 'अर्णव'. दोन वर्षांनी नाव बदलून मागतात. लिहिण्यातली चूक दुरुस्त होते हो, पण मनातून उतरलेलं नाव म्हणजे चूक नव्हे. म्हणून घरात एकमत होईपर्यंत रकाना कोराच राहू द्या.

दुसरी अडचण तारखेची. परवा एक आजी ठामपणे सांगत होत्या, "बुधवारी रात्री अडीचला झाला." पत्रिकेतही बुधवारच, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. सरकारी तारीख मध्यरात्री बदलते, त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर गुरुवारची तारीख होती. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण फॉर्मवर कार्डावरचीच तारीख हवी.

अर्ज कुठे द्यायचा? जिथे जन्म झाला तिथे. पहिलं बाळंतपण माहेरी, तर अर्जही माहेरच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत. सासरच्या गावचं रेशनकार्ड दाखवून उपयोग नाही. हे खिडकीवर कोणी आधी सांगत नाही, ओली बाळंतीण तीन हेलपाटे घालते, याचा मला खरंच राग येतो.

सोबत आई-वडिलांचं आधार, नाव नसलेला दाखला किंवा नोंदणी क्रमांक, डिस्चार्ज कार्ड आणि नावाचा अर्ज. आईचं नाव कार्डावर माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल तर अर्ज द्यायच्या आधीच विचारून घ्या.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तिथे पत्रिका चालत नाही.

आणि उलट बाजूने, पत्रिकेला लागणारी जन्मवेळ दाखल्यावर नसते. ती मागायला लोक निबंधकाकडे, म्हणजे जन्माची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे येतात आणि रिकाम्या हाताने जातात. वेळ दवाखान्याच्या कागदावर असते, पेनाने लिहिलेली. घडीवरची शाई लवकर उडते, तेव्हा घरी आल्या दिवशीच त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.