फोन उचलला की नेट तुटतं?

"लँडलाइनवर ब्रॉडबँड असलं तरी फोनवर बोलताना नेट बंद पडतं, वर कॉलचे पैसेही लागतात." हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि ते हवेतून आलेलं नाही. डायल-अपच्या काळात अगदी तसंच होतं: मोडेम चक्क नंबर फिरवायचा, किर्र-खर्र आवाज यायचा आणि लाइन एंगेज.

एडीएसएल ब्रॉडबँड (लँडलाइनच्या तारेवरून येणारं) नंबर फिरवतच नाही, त्यामुळे नेटसाठी कॉलच्या पैशांचा प्रश्नच येत नाही. तांब्याची तार तीच, पण बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये मावतं. डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर, ११०० किलोहर्ट्झपर्यंत धावतो. दोघांची गाठच पडत नाही. फोनजवळची ती काडेपेटीएवढी डबी, म्हणजे स्प्लिटर, दोन्ही वेगळे करते.

खात्री करायची तर मोठी फाइल डाउनलोडला लावा आणि त्याच लँडलाइनवरून कुणाला तरी फोन करा. डाउनलोड चालूच राहायला हवं. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकू लागला किंवा रिसीव्हरमध्ये सूंऽ ऐकू आलं, तर आधी आतल्या खोलीतलं एक्स्टेन्शन, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन, बघा. ते अनेकदा स्प्लिटरच्या आधीच जोडलेलं असतं (आमच्याकडे तसंच निघालं). ते स्प्लिटरच्या फोनवाल्या खाचेतून घ्या, नाहीतर त्याला वेगळा फिल्टर लावा.