सायकलवरून आधी कोण उतरणार?

कॉलेजातल्या मुलींचा व्यायाम सुटला की खापर कुणावर फोडायचं हे ठरलेलं असतं: आळस, नाहीतर मोबाइल. ‘इच्छाशक्ती हवी’ हा सल्लाही फुकट मिळतो. पण पाय तेच, फुप्फुसं तीच, तरी एकटीने दहा मिनिटांत सोडून दिलेला व्यायाम सोबत मिळताच वीस मिनिटं कसा चालतो?

हे आकडे मनचे नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ५८ तरुणींना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं होतं. एकट्या बसलेल्या मुली सरासरी १०.६ मिनिटं टिकल्या. ज्यांना पडद्यावर दुसरी मुलगी सायकल मारताना दिसत होती, त्या १९.८ मिनिटं. तिसऱ्या गटाला सांगितलं, तुम्ही दोघी एक टीम आणि जी आधी थांबेल तिचीच वेळ टीमची म्हणून धरणार. त्या गेल्या २१.९ मिनिटांवर! गंमत म्हणजे पडद्यावरची ती जोडीदारीण आधीच चित्रित करून ठेवलेली होती. ती दमणार कुठून?

याला क्योलर परिणाम म्हणतात. १९२०च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाला बर्लिनच्या नौकानयन क्लबात दिसलं की जोडीने वजन उचलताना दोघांतला कच्चा गडी एकट्यापेक्षा जास्त ताणतो. इथे दोन गोष्टी एकदम चालतात. एक तुलना: ती अजून चालवतेय, मग मी का थांबू? दुसरी जबाबदारी: माझ्यामुळे तिची वेळ बुडेल. आता खरी मेख. जोडीदार अगदी बरोबरीचा असेल तर परिणाम फिका पडतो आणि फारच वरचढ असेल तर आपण नादच सोडतो. थोडाच पुढे असलेला हवा. म्हणून पिळदार पोटाच्या इन्फ्लुएन्सरचे व्हिडिओ बघून फारसं काही हलत नाही.

सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१७च्या अभ्यासात मात्र उलटंही दिसलं: कमी धावणारेच जास्त धावणाऱ्यांना आणखी पळवतात. आणि बायकांवर प्रभाव पडला तो फक्त बायकांचाच.

अर्थात सोबत वेगळी आणि नजर वेगळी. लोक आपलं शरीर न्याहाळताहेत या धास्तीचं मोजमाप करणारी प्रश्नावली १९८९मध्ये तयार झाली. ही धास्ती जास्त असलेल्या मुली चारचौघांत व्यायाम टाळतात, असं नंतरच्या अभ्यासांत आढळलं. त्यांना भर गर्दीच्या जिममध्ये ढकलण्यापेक्षा एक मैत्रीण गाठून दिलेली बरी, किंचित जास्त दमाची.